सतरा सेकंदांचं हायकोर्ट

ते प्रकरण अजूनही डोक्यातून जात नाही. गुन्हा म्हणाल तर किरकोळ, पोलीस ठाण्याच्या डायरीत दोन ओळींचा.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना माझी पुन्हा सेनगाव तालुक्यात बदली झाली. चार वर्षांपूर्वी तिथल्याच एका गावातल्या खुनाचा तपास मी केला होता. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादातून भावानं भावाला कुऱ्हाडीनं मारलं. पाहिलं ते फक्त मयताच्या बायकोनं. तिच्या साक्षीवर दिराला जन्मठेप झाली आणि त्यानं हायकोर्टात अपील केलं. आता अशा सुनावण्या मोबाईलवर थेट दिसतात.

एका सकाळी ती बाई ठाण्यात आली. खुर्ची दिली तरी बसेना.

"साहेब, हायकोर्टानं मला खोटी ठरवलं का? हापशावर बाया बोलत न्हाईत. वावरात निंदायला कोणी बोलवंना. लेकीला शाळेत पोरी चिडवून राहिल्या. आमी गाव सोडावं का?"

गावात सतरा सेकंदांची क्लिप फिरत होती, एका फोनवरचं चित्र दुसऱ्या फोननं टिपलेली. काळ्या कोटातला माणूस इंग्रजीत तावातावानं बोलतो आणि खाली मराठीत लिहिलेलं, 'साक्षीदार बाई खोटी. हायकोर्ट.' मी डोक्याला हात लावला. निकाल लागलाच नव्हता. तो आरोपीचा वकील होता, साक्षीदाराला खोटं म्हणणं हे त्याचं कामच. शिवाय परवानगीशिवाय सुनावणी चित्रित करायला मनाई. मी डायरीला नोंद घेतली.

खबर दिली एका जीपवाल्यानं. "साहेब, क्लिप नीट बघा. फोन धरलेला हात गोंदलेला हाय. असं गोंदण आमच्या गावात एकाच म्हातारीचं."

ती म्हातारी म्हणजे त्या बाईची सासू. मयताची आई, आणि आरोपीचीही.

बायांना चौकशीसाठी ठाण्यात बोलवत नाहीत. महिला शिपाई सोबत घेऊन मी घरी गेलो. म्हातारीच्या हातातल्या फोनवरची सुनावणी तिच्या जावयानं आपल्या फोनमध्ये टिपून गावाच्या ग्रुपवर टाकली होती. चोर कच्चा असला की चहा यायच्या आत बोलतो, तसा तो बोलला. म्हातारीला मात्र कसली भीती नव्हती.

"आजी, हे काहून केलं?"

"जावयानं इंग्रजी समजावलं, जज साहेब माझ्या पोराच्या बाजूनं बोलले. चार वर्सांत पयल्यांदा कोणी बोललं. म्हणून त्येला म्हणलं, ठिवून दे."

"ते जज नाहीत, तुमच्या पोराचे वकील आहेत."

"मंग सगळ्या काचेवर त्येच कसे?"

तेव्हा उलगडा झाला. त्या पडद्यावर जो बोलतो त्याचा चौकोन मोठा होतो आणि न्यायमूर्ती कोपऱ्यात जातात. मोठा दिसतो तो जज, असं सगळ्या गावानं धरलं होतं. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून माझे केस पिकले, पण हे मला सुचलं नसतं.

जावयाचा फोन पंचांसमक्ष ताब्यात घेतला, वरिष्ठांना अहवाल पाठवला. पण गावाच्या डोक्यात बसलेलं कसं ताब्यात घेणार? पुढच्या तारखेला सरपंचाला सांगून शाळेच्या खोलीत मोठ्या पडद्यावर सुनावणी लावली. कोणी फोन वर करायचा नाही, अशी ताकीद दिली. वकील कोण, न्यायमूर्ती कोण, ते मी बोट ठेवून सांगत होतो.

सांजेच्या अंधारात बाईला मारेकरी ओळखू आला नसेल, असं आरोपीचा वकील म्हणत होता. न्यायमूर्तींनी त्याला विचारलं, रोज घरात वावरणारा दीर ओळखायला बाईला किती उजेड लागतो? मी मराठीत सांगताच मागून आवाज आला, "जिंकली बाई." मी दटावलं, "अरे, हा नुसता प्रश्न आहे. निकाल नाही."

तेवढ्यात म्हातारी उठली.

"निकाल लागंल तवा लागंल. सून खोटी न्हाई. त्या सांजेला वावरातून पळत आली, पयलं मलाच सांगितलं, आत्याबाई, भावजींनी मारलं. खोटं रचायला तिला वेळच कुठं व्हता?"

 सून जागेवरून उठली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली. दोघी रडल्या. माझेही डोळे भरले, सांगायला लाज कसली?

पुढे अपिलात शिक्षा कायम राहिली, तोवर मी निवृत्त झालो होतो. कोर्टाचं दार सगळ्यांना उघडलं हे बरंच झालं, फक्त आत कोण कुठं बसतं हे सांगणारं कोणीतरी जवळ लागतं. आणि माझं म्हणाल, तर मूळ तपासात म्हातारीचा जबाब मीच लिहिला होता. 'मी घरी होते, काही पाहिले नाही.' शब्दनशब्द खरा. सून घरी आल्यावर काय म्हणाली, हे मी म्हातारीला विचारलंच नव्हतं.