आधी पांढऱ्याचा हात

पडदा वर जातो तेव्हा समोर दिंडोशीच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा दिसतो. डावीकडे शर्ट दाबून सुकवणारा हीट प्रेस, मधोमध कपड्यावर थेट छापणारं मशीन आणि त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी उत्तरा. सकाळचे साडेनऊ. प्रवेश दत्तारामचा, दोन्ही हातांत गाठोडी.

दत्ताराम म्हणजे तिचा चुलतभाऊ, गावच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. शिमग्याला पालखी नाचवायला मंडळाची बस गावाकडे संध्याकाळी पाचला सुटायची होती. बावन्न शर्टांवर ग्रामदेवतेची पालखी छापायचं काम यंदा प्रथमच माहेरवाशिणीला मिळालं होतं. त्यासाठी उत्तराने मंडळाच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं, दोन मिनिटांत एक शर्ट काढते.

गाठोडं सुटलं आणि तिचा चेहरा उतरला. शर्ट काळे होते.

"मंडळाचे शर्ट पांढरेच असतात ना रे?"

"गुलालाने वाट लागते गो पांढऱ्याची. म्हणून यंदा काळे. तू विचारलंस कुठे?"

विचारलं नव्हतंच. वीस वर्षं पांढरे, मग विचारायचं काय? त्याच भरवशावर तिने गेल्या आठवड्यात मशीनच्या चार नळ्यांतली पांढरी शाई काढून तिथे रंगांचा दुसरा संच भरला होता. एकाच वेळी दोन संच चालले की वेग दुप्पट. पण काळ्या कापडावर पांढऱ्याचा थर नसला तर रंग आतल्या आत विरतो. पालखी छापली काय, न छापली काय.

हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचे वडील शिवदास गिरणीत पाळी करून याच मंडळाच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. काय पडदे ते! राजवाडा उलगडला की पिटातली माणसं पायऱ्या मोजायची. मळकट कापडावर ते आधी खडूचा जाड हात देत. लहानगी उत्तरा रंगाचा डबा घेऊन घाई करायची. ते म्हणायचे, "आधी पांढऱ्याचा हात, बाय. मग तुझे रंग."

आणि तिने वेगापायी पांढराच काढून टाकला होता.

दोन छापखान्यांना फोन केले. दोघांनीही परवाचा वायदा दिला. मग ती नळ्या धुवायला बसली. रंग निघता निघेना. साडेबारा वाजले. पांढरी शाई जड, तळाशी बसलेली. बाटल्या हलवून हलवून खांदे भरून आले. भरली, तर चाचणीच्या कागदावर रेघा तुटक. पुन्हा सफाई, पुन्हा तुटक. मशीन विकणाऱ्या केयूरला फोन लावला, तर तो म्हणाला, घाई करू नका मॅडम. तिने फोन ठेवून दिला, नाहीतर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

दीडला पहिला शर्ट लागला. आधी कापडावर शाई धरून ठेवणारं द्रावण फवारायचं, प्रेसमध्ये सुकवायचं, मग पांढरा थर, मग त्यावर रंग. एकेका शर्टाला सात मिनिटं. दोन मिनिटांची बढाई तिच्याच कानात वाजत राहिली. मध्ये दोनदा पांढरा तुटला, चार शर्ट फुकट गेले. जेवणाचा डबा तसाच राहिला.

पाचला पाच कमी असताना दत्ताराम आला. खाली बस हॉर्न मारत होती. टेबलावर बावीस शर्ट होते. त्याने एक उलगडला. काळ्यावर पालखी लखलखत होती, कळसाची कडासुद्धा सुटी दिसत होती. त्याने टेबलावरचे शर्ट मोजले. मग हलकेच म्हणाला, बसमध्ये सांगतो, ऐन वेळी मशीन बिघडलं. तुझ्यावर नको यायला.

उत्तराने बावीस शर्टांची घडी घातली, गाठोडं बांधलं आणि त्याच्या हातात दिलं.

"पालखी खांद्यावर घेणाऱ्यांना आधी दे, दादा. आणि मशीनचं नाव घेऊ नकोस. सांग, शिवदासच्या मुलीने रंग विचारला नाही."