धुतलेले पाय

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पाया पडायला कुणी वाकलं, की ते स्वतःच आधी खाली फतकल मारायचे. रस्ता असो, कुणाचं अंगण असो, पांढऱ्या पायजम्याची पर्वा नसायची. वाकलेला माणूस गोंधळून उभा राहायचा आणि साहेब खालून हसत म्हणायचे, "मी पोस्टमन हाय बाबा. चिठ्ठी देवाची. पोस्टमनच्या पाया पडतं का कुणी?"

राहुरीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी. रविवारी मंडळी जमायच्या आत चर्च झाडून, सतरंज्या घालून साहेब मोकळे झालेले असत. उपदेश लहानसा करायचे. "आज फार छान बोललात," असं कुणी म्हटलं तर त्यांचा चेहरा पडायचा. "म्हणजे माझंच ऐकलं तुम्ही," म्हणायचे आणि सायकल काढायचे.

माझ्या आत्यानं ऊसतोडीत जन्म काढलेला. म्हातारपणी साखरेच्या आजारानं तिच्या पायाला जखम झाली, ती भरेना. वासामुळे शेजारणी उंबऱ्याबाहेरूनच बोलायच्या. साहेब मात्र रोज संध्याकाळी यायचे, कोमट पाण्यानं तो पाय धुवायचे, टिपून कोरडा करायचे, डॉक्टरांनी दिलेलं औषध लावून पट्टी बांधायचे. आत्या लाजून पाय आखडून घ्यायची. "साहेब, ह्यो पाय देवानं बी बघू नये."

"त्यानं बघितलाय म्हणून तर मला धाडलं," साहेब म्हणायचे. त्या वेळी तिथं तिसरं कुणी असलं तर मीच, पाणी तापवून देण्यापुरती.

एका संध्याकाळी पुण्याहून आलेल्या माझ्या चुलतभावानं ते सगळं मोबाईलवर टिपलं आणि जिकडे तिकडे पाठवून दिलं. साहेबांना कळलं तेव्हा ते संतापले. "काढून टाक ते. आजारी बाईचा पाय हाय तो." काढून उपयोग नव्हता. सभांना बोलावणारे फोन सुरू झाले, मग दारात गाड्या यायला लागल्या. पहिल्या सभेला साहेब नाही म्हणाले. पुढच्या वेळी "देवाची इच्छा असेल तर" म्हणाले. त्यानंतर एकदा मी पाहिलं, गाडी यायच्या कितीतरी आधी ते इस्त्रीचे कपडे घालून रस्त्याकडे बघत उभे होते.

नगरच्या सभेला मीही गेले. मैदान भरलेलं, मंचावर साहेबांचा मोठा फोटो, खाली लिहिलेलं 'नम्रतेचा दास'. उपदेशानंतर, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, ते काही गोरगरिबांचे पाय धुणार होते. मी पाणी प्यायला मंडपामागे गेले, तर तिथं नळावर स्वयंसेवक त्याच माणसांचे पाय साबणानं घासत होते. एक म्हातारा म्हणाला, "आता हितं धुतलंच हायेत, तर वर परत कशाला?"

"वर साहेब धुणार, बाबा. हितं नुसती घाण काढायची," स्वयंसेवक म्हणाला.

मंचावर साहेबांनी गुडघे टेकले आणि पितळी घंगाळातलं पाणी त्या स्वच्छ पायांवर घातलं. लोक रडत होते. साहेबही रडत होते. ते रडणं खोटं नव्हतं, हेच मला सहन झालं नाही.

इकडे आत्याची पट्टी पाळकबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, बांधू लागल्या होत्या. आत्या रोज विचारायची, "साहेब आलं न्हाईत का?" शेवटी एकदा आले, तर बरोबर कॅमेरेवाले दोघं. "जिथून सुरुवात झाली तिथलं थोडं शूटिंग घ्यायचंय," साहेब म्हणाले. आत्यानं गोधडी पायावर ओढून घेतली. "आज नगं, साहेब. लई ठणकतोय." साहेब घुटमळले. पण कॅमेरेवाल्यांना बाहेर जा म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं तेही त्यांच्यासोबत निघून गेले.

आत्या वारली तेव्हा साहेब दूरच्या सभेत होते. मातीला दुसऱ्या गावचे पाळक आले.

पुढं साहेबांना शहरातल्या मोठ्या चर्चच्या मंडळीचं बोलावणं आलं. मी निरोप द्यायला गेले तेव्हा टेम्पो भरून झाला होता. पाळकबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, समोर बघत.

"तुम्ही माझ्यावर रागावलाय," साहेब म्हणाले.

"आत्या वाट बघत गेली, साहेब."

त्यांनी टेम्पोची दोरी एकदा ओढून पाहिली. मग हळूच म्हणाले, "पहिल्यांदा लोकांनी वाखाणलं तेव्हा लाज वाटली. नंतर वाखाणलं न्हाई तर झोप येईना. मला कळत नव्हतं असं समजू नका."

"मग थांबायचं होतं."

"थांबलो असतो, तर त्याचंबी कौतुकच झालं असतं," ते म्हणाले आणि हसले. असं कडू हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. "सलाम, सलाम," असा आम्हा ख्रिस्ती लोकांचा नमस्कार करत ते अंगणाच्या टोकाला गेले, आणि तो आवाज ऐकता ऐकता बदलला, भरदार झाला. बोलणं संपायची वाट न बघता मी निघाले.

मी गावातल्या बालवाडीत शिकवते. आताचे पाळक कधी कधी उपासनेत मला प्रार्थनेला उभं करतात. बाहेर पडताना एखादी बाई हात धरून म्हणते, "किती सुंदर प्रार्थना केलीत." मला बरं वाटतं. घराच्या वाटेवरही ते बरं वाटणं संपत नाही. मग पुढच्या रविवारी काय बोलायचं ते मी मनात जुळवू लागते, आणि मला माझीच भीती वाटते.