लागला की लागलं

आमचं नवं घर बघायला लोक येतात तेव्हा आधी वर बघत न्हाईत, खाली बघतात. वरची मोठी खोली भिंतीच्या बाहेर लांब येऊन हवेतच थांबलीय. तिच्याखाली खांब न्हाय की काही न्हाय. तिच्या सावलीत पाय ठेवायच्या आधी बायका जरा थबकतात. शेजारीण म्हणाली, "बाई गं, ही खोली कुणाच्या भरवशावर उभी हाय?" तेव्हा मी हसले. ती खोली माझी होती ना, माझी आणि नातीची.

घर लेकानं बांधलं. भूकंप झाला तेव्हा तो पाळण्यात होता. दगडमातीच्या भिंती बसल्या आणि त्याच्या वडलांनी हातांनी माती उपसून त्याला बाहेर काढलं. वरून आलेलं लाकूड पाळण्यावर आडवं पडलं म्हणून वाचला. त्याला त्यातलं काही आठवत न्हाय, पण ऐकून ऐकून ते आठवल्यासारखंच झालंय. पुढं आम्ही लई वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. पुण्याला शिकला, तिथंच नोकरीला लागला, वडील गेले, तरी ह्याच्या मनात एकच. गावात असं घर बांधायचं, की त्यातून कुणाला उपसून काढायची वेळ येऊ नये.

म्हणून सगळं काँक्रीट. बाहेरून गिलावा न्हाय, रंग न्हाय, काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांचे वळ तसेच भिंतीवर. मी म्हणाले, अरे, निदान चुना तरी मार, लोक म्हणतील काम अर्धं टाकून गेले. सून म्हणाली, "आई, हे पूर्ण झालेलंच आहे. तुम्ही आता असंच बघायची सवय करा." मी म्हणाले, बरं बाई, माझ्या मोतीबिंदूवर ढकलते.

घर बांधलं ते आमचं रान गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ. माती काळीभोर. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगेत माझा हात मनगटापर्यंत जातो. असल्या मातीवर पाया ठेवत न्हाईत. खाली मुरूम लागेपर्यंत खणायचं, म्हणजे पिवळट, खडीसारखा घट्ट थर येईपर्यंत. हे इकडं पोराटोरांनाही माहीत. आता गंमत बघा, आमच्या वाटेवर बाजाराचं गाव आहे, त्याचंही नाव मुरूमच. आमच्यात गाव आलं की म्हणायचं, मुरूम लागलं. आणि खड्ड्यात थर आला की म्हणायचं, मुरूम लागला. एवढ्याशा शेपटाचा फरक.

पाया खणत होते त्या दिवसांत लेक पुण्याला होता. ठेकेदार नळदुर्गकडचा, माणूस कामाला चांगला, बोलायला त्याहून चांगला. उमरग्याला माझे डोळे तपासायचे होते, तर तो म्हणाला, मावशी, माझ्या जीपमध्ये बसा, मलाही तिथं लोखंड बघायचंय. परत येताना मुरूमचा बाजार लागला. बैल, टेम्पो, भोंगे, नुसता गोंधळ. तेवढ्यात लेकाचा फोन आला. ठेकेदारानं मोठ्या आवाजावर लावून समोर ठेवला. आवाज तुटत तुटत येत होता.

"मुरूम लागला का?"

"लागलं की साहेब, आत्ताच."

"मग थांबू नका, घाला काँक्रीट."

ठेकेदारानं लगेच कामावरच्या लोकांना फोन लावला, साहेबांनी घाला म्हणून सांगितलंय. त्याला वाटलं, साहेबानं तिथल्या लोकांशी खड्ड्याचं आधीच बोलून घेतलं असणार. आणि मी? मी हातातल्या पिशवीतली केळी दबत होती ती वर काढत होते. गाडीत बसलेल्या माणसाला कुठं पोचलात म्हणून विचारतात, तसंच विचारलं असं मलाही वाटलं. चुकीचं काही ऐकल्यासारखं वाटलंच न्हाय.

घर उभं राहिलं. लेक आता नोकरी घरूनच करतो, म्हणून थंडी सरता सरता सगळे राहायला आलो. मी आणि नात वरच्या खोलीत झोपायला लागलो. मोठी काच, खाली ओढा, लांबवर तुरीची रानं. दुपारी ऊन चढलं की भिंतीत कुठंतरी टक् असा आवाज यायचा. लेक म्हणायचा, "ऊन तापलं की काँक्रीट बोलतं." नात भिंतीला कान लावून विचारायची, काय बोललं गं आज्जी?

उन्हाळा वाढला तसं ते जास्त बोलायला लागलं. खोलीचं दार आधी घासायला लागलं, मग लागेनाच. कोपऱ्यातून एक रेघ निघाली, केसाएवढी. लेकानं फोटो काढून नकाशा करणाऱ्याला पाठवला. त्यानं कळवलं की अशा बारीक रेघा पडतातच.  मी कणकेची परात खोलीच्या मधोमध ठेवली आणि तांब्याभर पाणी ओतलं. ओढ्याकडच्या काठाला पाणी टेकलं आणि अलीकडं तळ कोरडाच राहिला. परात फिरवून ठेवली, तरी पाणी ओढ्याकडंच.

लेकाला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. म्हणाला, "आई, परातीला पोचा आला असेल कुठं."

"मी फिरवून बघितली."

"पण ही खोली पेलणाऱ्या कोपऱ्यातल्या खांबांना मुरूम लागला होता. मी स्वतः विचारलंय. बाकीच्या खड्ड्यांचं आधीच कळलं होतं, हाच कोपरा राहिला होता, म्हणून मुद्दाम फोन केला होता."

मी विचारलं, कुणाला केला होतास? तो म्हणाला, ठेकेदाराला, तू डोळ्याला गेली होतीस त्या दिवशी.

 जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं मला झालं.

"बाळा," मी म्हणाले, "आम्ही मुरूमच्या बाजारात होतो रे तेव्हा. तो म्हणाला, लागलं."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. लागला. लागलं. पुन्हा म्हणून बघितलं. मी खिडकीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला बोलावून खांबाच्या बाजूनं खणलं.  पायाच्या बुडापर्यंत गेले, खाली काळी माती. आणखी खाली गेले, तरी काळीच. लेक स्वतः खड्ड्यात उतरला आणि काँक्रीटच्या बुडाला त्यानं हात लावला. पाया आणि माती ह्यांच्यामध्ये त्याची बोटं गेली. तो तिथंच खाली बसला. त्याच्या वडलांचे हात असेच मातीनं भरलेले मी एकदा बघितले होते.

वर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "आई, आजपासून तुम्ही दोघी वर झोपू नका."

आता त्या खोलीखाली लोखंडी टेकू लावलेत. पायाखाली मुरमापर्यंत खणून आधार देता येईल, असं बघायला आलेला इंजिनियर म्हणाला. पण पाऊस तोंडावर आलाय, आणि माती भिजून फुगली तर आधी काय हलेल ते त्यालाही सांगता येईना. खोलीला कुलूप आहे. नातीची चित्रं आत भिंतीवर तशीच राहिलीत. आम्ही सगळे जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये आलोय, सूनसुद्धा.

काल दुपारी शेडच्या दारात ज्वारी निवडत बसले होते. नात टेकूंच्या आसपास खेळत होती. घरातून आवाज आला, टक्. नात मान वर करून शेडपाशी उभ्या असलेल्या बापाकडं बघत राहिली, तो नेहमीचं म्हणेल म्हणून.  तो चप्पल न घालताच तापलेल्या मातीतून पळत गेला आणि तिला उचलून घेऊन आला.

तिनं विचारलं, "बाबा, काय बोललं?"

त्यानं तिला माझ्या मांडीवर बसवलं आणि घराकडं पाठ करून उभा राहिला.