मातीचं वाळवण

"बसत न्हाई, ताई. फक्त इचारायला आल्तो." एक पाय सायकलच्या पायडलवर, दुसरा आमच्या ओट्याच्या पायरीवर. चहा पुढे केला तर तसाच उभ्याने, कढत कढत घशाखाली घालायचे आणि कप माझ्या हातात येईपर्यंत सायकल निघालेली असायची. अशी माणसं समोरच्यालाही धड बसू देत नाहीत. तुमच्याही गल्लीत असेल एखादं, आठवून बघा.

हे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेट्रोल पंपाचे मॅनेजर. जालन्यात तेव्हा आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं. माझ्या अंगणात विहीर होती, त्यामुळे माझा तोरा जरा जास्तच. शेजारची चार घरं माझ्याच विहिरीवर भरायची.

नव्वद सालानंतर कधीतरी पंपाची जमिनीतली जुनी लोखंडी टाकी काढली. गंजून तिच्या बुडाला भोकं पडली होती. खड्ड्यातून मुरमाचा हा एवढा ढीग निघाला. आमची जमीन काळी. पावसाळ्यात अंगणात पाय ठेवला की चप्पल चिखलातच राहते. तेव्हा फुकटचा मुरूम कोण सोडतो? लोकांनी मागितला आणि मॅनेजरांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगून घरोघर टाकून दिला. "थोडा वास हाये, उन्हात उडून जाईल," म्हणाले. मीही दोन ट्रॉल्या पसरून घेतल्या आणि वर शहाबादी फरशी बसवली. लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती ना!

महिन्याभराने टाकीचं काम बघणारे इंजिनिअर पुन्हा आले. मुरूम कुठे गेला हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यात वर्षानुवर्षं पेट्रोल मुरलेलं होतं. पावसाचं पाणी ते खाली नेणार, आणि जवळ विहीर असली तर विहिरीत उतरवणार. त्या दिवसापासून मॅनेजरांच्या पायाला भिंगरी लागली.

गावाबाहेरच्या पडीक जागेत त्यांनी ताडपत्र्या अंथरल्या. परत आणलेला मुरूम तिथे वीतभर जाडीने पसरायचा, शेणखत मिसळायचं आणि रोज फावड्याने खालचा वर करायचा, म्हणजे मुरलेलं पेट्रोल उन्हात उडून जाईल. लोकांना ही करमणूकच झाली. "मॅनेजरसाहेब, कुरडया वाळल्या का?" ते घाम पुसत म्हणायचे, "हसा, बिलकुल हसा. पर मुरूम द्या."

एकदा दिलेला भराव कोणी परत मागतं का? काहींनी शिव्या घातल्या. एका म्हातारीचा ओटा उकरला, तर तो यांनी स्वतः लिंपून दिला, आणि तिने त्यालाही नावं ठेवली.

माझ्याकडे तीनदा आले.

"ताई, तुमच्याकडं आपला मुरूम पडला का?"

"न्हाई हो. आमचा माळावरचा हाये."

"बराबर आठवा. पाऊस तोंडावर आला."

"एकदा सांगितलं ना!"

ते फरशीकडे बघायचे, मग विहिरीकडे. हँडलवर बोटं वाजवायचे आणि जायचे. नवीकोरी फरशी उखडायला मी काय खुळी होते? खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याची आज लाज वाटते.

दोन मोठे पाऊस झाले. नातू सव्वा महिन्याचा होता, त्याच्या अंघोळीचं पाणी तापत होतं. लेक न्हाणीतून ओरडली, "आई, पाण्याला पंपासारखा वास येऊन राह्यला!"

मी हातातलं तिथेच टाकलं. तशीच पंपावर धावले. मॅनेजरांनी रागाचा चकार शब्द काढला नाही. आधी चारही घरांत जाऊन ते पाणी बंद करवलं. मग माझ्या फरश्यांवर खडूने आकडे टाकले, म्हणजे जिथली तिथे परत बसवता येईल. दोन मजूर घेऊन दिवसभर स्वतः खणत होते. बाळाला काही झालं नाही, देवाची कृपा.

विहिरीवर पत्रा पडला. परसात त्यांनी उथळ हौद बांधून घेतला. विहिरीचं पाणी उपसून त्यात उन्हाला ठेवायचं. दर आठवड्याला येऊन बाटलीत पाणी घ्यायचे, हुंगायचे. "अजून न्हाई, ताई. उपसा चालू ठेवा." शेजारणी टँकरच्या रांगेत उभ्या राहायच्या आणि माझ्याशी बोलायच्या नाहीत. वर्षभराने मी कंटाळले. उपसा राहायला लागला.

मग ते यायचेच बंद झाले. आजारी होऊन आपल्या गावी, पिंपळगाव रेणुकाईला गेल्याचं कळलं. मी भेटायला गेले. नाव सांगताच त्यांच्या बायकोने मला ओळखलं.

"विहीरवाल्या ताई ना तुम्ही? ट्रॅक्टरवाल्याच्या यादीत तुमचं नाव पहिल्यापासून होतं. मी म्हणायची, सरळ सांगा ना त्यांना. तर हे म्हणायचे, लेक येणार हाये त्यांची. चूक माझी, मंग त्यांचं आंगण कोणत्या तोंडानं मोडू?"

म्हणजे तिन्ही वेळा त्यांना माहीत होतं.

आत ते खाटेवर होते. अंग वाळलेलं, पाय तेवढे पांघरुणाखाली हलत होते. "मॅनेजरसाहेब, मी खोटं बोलले होते," मी म्हणाले. त्यांनी हातानेच ते बाजूला सारलं.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

पंधरा दिवसांत मी एक बादलीही उपसली नव्हती.

"बिलकुल बराबर हाये," मी म्हणाले. "पिऊन राह्यलो आम्ही."

त्यांनी डोळे मिटले. किती दिवसांनी झोप लागली, असं बायको हळूच म्हणाली.

जालन्याला उतरले ती थेट विहिरीवर गेले. पत्रा ओढला आणि बादली सोडली. चार दिवसांनी ते गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी उपसतच होते.