हात हालवाचा राह्यला

दोस्तहो, आज सकाळचीच गोष्ट आहे.

रिठदच्या माह्या वावरात कॉलेजची पोरं मोजणी शिकाले आली होती. एक पोरगी म्हणे, "आजोबा, ही काठी धरून बांधावर उभे राहता का? मी दुर्बिणीतून बघते. मी हात हलवला की झालं."

राह्यलो उभा. पोरं काम आटपून चहा प्याले गेली अन् मले इसरली. मी घंटाभर तसाच उन्हात.

पंच्याहत्तर साली मी अकोल्याले भूगोल घेऊन बी.ए. करत होतो. सुट्टीत याच वावराचा नकाशा काढाचा होता. काठी धराले कोणी भेटेना, म्हणून मायले बांधावर उभं केलं. "मी हात हालवल्याशिवाय हालू नको," म्हटलं. नकाशा झाला, मी सामान उचललं अन् घरी जाऊन जेवाले बसलो. आठवलं तवा दुपार टळली होती.

पळत गेलो. "काहून उभी राह्यली व?"

माय म्हणे, "मले वाटलं, तू अजून माह्याकडे पाहूनच राह्यला."

मी हासलो होतो तवा.

आज ते पोरगी पळत आली. "सॉरी आजोबा! बसायचं ना हो!"

तिले काय सांगू? बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. लय दिसानं कोणी माह्याकडे पाहून राह्यलं, असं वाटत होतं. काठी सोडवेना.

मी अकोल्याले गेल्यावर माय बी घरात एकटीच राहे, हे मले आज समजलं. तुमाले कोणत्या वयात समजलं?