फट किती ठेवायची

कुठलंही मशीन समोर आलं की आमच्या डाळमिलचे मिस्त्री आधी त्यावर हनुवटी टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "फट बघावी लागंल." उभा जन्म चक्कीच्या आवाजात गेल्यानं त्यांचे कान गेले होते. हनुवटी शाबूत होती. तुमच्याही गावात असेल असा एखादा.

"आमची मिल" म्हणालो खरा, पण लातूरची ती मिल शेठची. आमची तिथं फक्त आई होती, डाळ निवडायला. वडील गेल्यावर त्या भुसकटात बसून तिनं आम्हा दोघा भावांना वाढवलं. मिस्त्री तिला बहीण मानायचे, म्हणून ते माझे मामा. मी नांदेडला इंजिनिअरिंगला लागलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी सांगतोच. लपवायचं काय त्यात?

दुसऱ्या वर्षी एका लग्नाच्या ऑर्केस्ट्राकडून मला जुनी बास गिटार मिळाली. चार जाड तारा, आणि त्या इतक्या उंच की दाबताना बोटं सोलून निघायची. गॅदरिंगच्या बँडची निवड पंधरा दिवसांवर आली होती. बाकीची पोरं लहानपणापासून क्लास लावलेली. मला त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं, एवढंच. वाद्यांच्या दुकानदारानं गिटार पाहून ती भिंतीला टांगायचा सल्ला दिला. मी ती घेऊन लातूरची एसटी पकडली.

मामांनी असलं वाद्य कधी पाहिलं नव्हतं. त्यानं त्यांचं काही अडलं नाही. मला तार छेडायला लावून त्यांनी लाकडावर हनुवटी टेकवली आणि निकाल दिला, की ही चक्कीच आहे. दोन दगडांमधली फट जास्त झाली की तूर अख्खीच बाहेर पडते, कमी झाली की चुनी होते, म्हशीपुढं टाकायची. षटकोनी एलन-कीनं त्यांनी गिटारच्या मानेतला रॉड आवळला, तारांखालचे स्क्रू फिरवले, तारा खाली आणल्या. मी मोबाईल काढला. त्यातला तारांच्या उंचीचा परदेशी आकडा याच्या निम्मा होता.

"अजून खाली घ्या, मामा." ओठांवरून त्यांना कळायचं.

"तुझा हात जड हाय."

इंजिनिअरिंग कोण शिकतंय, याची मी त्यांना आठवण करून दिली. त्यांनी तारा खाली घेतल्या. मी वाजवलं, तर तारा खालच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटून पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज. आणि त्या बहिऱ्या माणसाला मी सांगितलं, फर्स्टक्लास झालंय. त्यांनी हनुवटी जरा वेळ तशीच ठेवली.

"बरं. तू शिकलेला."

नांदेडला मित्रानं विचारलं, स्पीकर फाटलाय का? निवडीला चार दिवस उरले होते. पुन्हा एसटी.

"मामा, खोटं बोललो मी."

"हनुवटीला कळलं व्हतं. तुला कधी कळतंय ते बघून राहिलो."

त्यांनी मला चालू चक्कीशेजारी उभं केलं. इथं काही ऐकू येत नाही, मी ओरडलो. "मग बघ," ते म्हणाले. मी माझ्या जड हातानं वाजवत होतो, ते तारेकडं टक लावून होते. तार जेवढी हलते तेवढी तिला जागा द्यायची. स्क्रू पाव आटा वर, पुन्हा बघायचं, पुन्हा पाव आटा. दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं आणि आम्ही आवाज जुळवत होतो. हमालांनी काम सोडून तमाशा बघितला.

मिलच्या बाहेर येऊन तार छेडली. पोटाशी टेकलेल्या लाकडातून भरदार, गोल आवाज थेट पोटात उतरला. बोटांना जोर लागतो, अशी कुरकुर मी केलीच.

"लागू दे की," मामा म्हणाले.

पुढच्या वर्षी मिलमध्ये फट स्वतःच ठरवणारं मशीन आलं. मामा औशाला लेकीकडं गेले आणि तिथंच वारले. मशीन अडलं की आता पुण्याहून साहेब येतो. तोवर मिल बंद असते.

मामांनी गिटारची फट लावली त्या वर्षी बँडमध्ये माझी निवड झाली. गॅदरिंगला मी चार गाणी वाजवली. आई मिलमध्ये खाडा करून आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती.