स्वेटर जावयाकडे, कांदे वाळवंटात

"वाळू पाहाले इतक्या दूर काहून जाचं? कन्हान नदीत कमी आहे का?"

वाळवंटातल्या कला महोत्सवाला जाऊ या, असं मी म्हटल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे नंदाने, हा सवाल टाकला. लग्नाला तीस वर्षं होत आली. या काळात मी मित्रांबरोबर केरळपासून सिक्कीमपर्यंत हिंडून आलो आणि दर वेळी नंदाचं एकच, "तुम्ही या जाऊन. मले सांगा मंग." मी येऊन सांगायचो, ती भाजी निवडत ऐकायची. रिटायर झाल्यावर मात्र मला या सांगण्याचाच कंटाळा आला. आपण बघतोय ते हिनेही शेजारी बसून बघावं, असं फार वाटायला लागलं होतं.

माझी भाची पूर्वा जैसलमेरजवळच्या त्या महोत्सवात काम करते. वाळूच्या टेकड्यांवर गाणी, कठपुतळ्या, नाच आणि दोन मजली उंचीची शिल्पं, असा तो सगळा प्रकार. आजवर कधीच न आलेल्या लोकांना तिकडे ओढून आणायचं काम पूर्वाकडे आहे. तिने मला छोट्या छोट्या फिल्म पाठवल्या आणि बजावलं, "मामा, आधी दाखव. मग बोल."

नागपुरात, बेसातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी चादर टांगून मी प्रोजेक्टर लावला. पहिली फिल्म एका शिल्पकाराची होती. तो बराच वेळ वाळूकडे बघत बसतो. प्रेक्षक बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि मग एकेक करून झणझणीत रश्श्याचे तर्री पोहे खायला खाली उतरले. पुढच्या शनिवारी मी पोहे गच्चीवरच आणून ठेवले आणि नाचगाण्याची फिल्म लावली. मधेमधे थांबवून माहितीही देत होतो. मी स्वतः तिकडे कधी गेलो नव्हतो, पण त्याच त्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहून मी आपोआप तज्ज्ञ झालो होतो.

अखेर दोन माणसं गळाला लागली. एक खालच्या मजल्यावरचे गजूभाऊ, ज्यांचं जरीपटक्यात पंखे-कूलरचं दुकान आहे, आणि दुसऱ्या रिटायर्ड शिक्षिका कांबळे मॅडम. त्या दोघांचं पक्कं झाल्यावर नंदाही तयार झाली, पण अट घालून. "एक डाव येते. नाही आवडलं तं पुन्हा मले कुठंच चल म्हणाचं नाही."

म्हणजे माझ्याकडे एकच संधी होती.

तयारीत आम्ही कसर ठेवली नाही. फिल्ममध्ये जिकडे तिकडे लख्ख ऊन आणि सुती कपड्यांतली माणसं. आता उन्हाबद्दल नागपूरच्या माणसाला कोणी शिकवायचं? गजूभाऊ म्हणाले, "मे महिन्यात बर्डीच्या बाजारात पायी फिरणारी माणसं आपण. ते वाळवंट आपलं काय वाकडं करणार हाये?" म्हणून तोंडाला बांधायला पांढरे दुपट्टे घेतले, ग्लुकोजची पाकिटं घेतली आणि लू लागू नये म्हणून खिशात ठेवायला कांदे घेतले. नंदाने तर स्टीलचा एक मोठा डबाच कांद्यांनी भरला. जानेवारीचे दिवस होते, त्यामुळे स्टेशनवर जाताना आमच्या अंगात स्वेटर होते. ते आम्ही प्लॅटफॉर्मवर काढले आणि पोहोचवायला आलेल्या गजूभाऊंच्या जावयाच्या हातात दिले. उगाच ओझं कशाला, ही कल्पना माझी.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. नागपूरहून जयपूर आणि तिथून जैसलमेर, असा आमचा रेल्वेचा मार्ग होता. दोन गाड्यांच्या मधे भरपूर वेळ ठेवा. तेवढ्यात स्टेशनबाहेर दुपारच्या उन्हात प्याज कचोरी खाऊन होते. गजूभाऊंनी कचोरीवाल्याला विचारलं, "भैया, इसपे तर्री नहीं डालते क्या?" तो नाही म्हणाला. गजूभाऊंनी राजस्थानबद्दलचं आपलं मत तिथेच बनवून टाकलं.

एसी डब्यात ब्लँकेटं होती आणि गाडी उशिरा, भर दुपारी पोहोचली, त्यामुळे हवेचा पत्ता लागला नाही. जैसलमेरहून वाळूपर्यंत तासाभराचा जीपचा रस्ता आहे. शेवटचा पट्टा कच्चा आहे. कंबर दुखणाऱ्यांनी पुढची सीट मागून घ्यावी. तंबू जेवणासकट घेतला तर स्वस्त पडतो. ठरवताना रजया किती मिळतील ते विचारा. आम्ही पंखा आहे का ते विचारलं होतं.

दुपार छान गेली. पहिली टेकडी चढून नंदा वर उभी राहिली, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "कन्हानपेक्षा जास्त आहे." मला फार बरं वाटलं.

मग सूर्य बुडाला आणि थंडी आली. मधे क्षणाचंही अंतर नव्हतं. वारा अंगातून आरपार जायला लागला. आम्ही चौघांनी दुपट्टे डोक्याला, कानांना, गळ्याला गुंडाळले. खिशातले कांदे बर्फासारखे लागत होते. जाडजूड कोट घातलेली पूर्वा आली आणि आमच्याकडे बघतच राहिली.

"मामा, स्वेटर?"

"जावयाकडे. तुझ्या फिल्ममध्ये कोणाच्या अंगात होते?"

"अरे, फिल्म सगळ्या दुपारी काढतात. संध्याकाळी उजेड कुठे असतो?"

नंदाने माझ्याकडे पाठ करून दुपट्टा आणखी घट्ट आवळला. तिचं ते पाठ फिरवणं मी चांगलं ओळखतो. मी पूर्वाबरोबर रजया आणायला निघालो. सामानाचा तंबू चांगला लांब होता आणि वाळूत पाय पुढे कमी आणि मागे जास्त जात होते. गेली आपली संधी, हा विचार डोक्यातून जाईना. मला मनापासून वाईट वाटत होतं.

चार रजया डोक्यावर घेऊन परत आलो तर कलाकारांच्या शेकोटीजवळ गर्दी, आणि गर्दीत हसण्याचा नुसता कल्लोळ. आत घुसून बघतो तो मधोमध नंदा, हातात स्टीलचा डबा. डबा रिकामा होता. आजूबाजूला पगडीवाले गायक बाजरीच्या गरम रोटीबरोबर बुक्कीने फोडलेले कांदे खात होते.

"उशिरा आले," नंदा म्हणाली. "संपलं."

काय झालं ते गजूभाऊंनी सांगितलं. "भाऊ, आम्ही शेकोटीपाशी गेलो. एक पोरगी म्हणे, ये जगह सिर्फ कलाकारों के लिए है. वहिनींनी सरळ सांगतलं, हम भी कलाकार हैं. आपले दुपट्टे पाहून तिले पटलं बी. मंग ते सारे म्हणे, कुछ दिखाओ."

आता नंदा काय दाखवणार? तिने भुलाबाईचं गाणं म्हटलं. विदर्भात पोरी भुलाबाईपुढे गाणी म्हणतात आणि शेवटी घरची बाई बंद डबा वाजवते; आत खाऊ काय आहे ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं. उमरेडला माहेरी लहानपणी केलं होतं तसंच तिने केलं. कांबळे मॅडमनी टाळ्यांचा ताल धरला. गाणं संपल्यावर नंदाने त्या गायकांच्या कानाशी डबा खडखडवला, "बोलो, अंदर क्या है?" कोणी लाडू म्हणालं, कोणी नारळ, कठपुतळीवाला म्हणाला दगड. एकालाही ओळखता आलं नाही. मग तिने झाकण उघडलं.

हे सगळं झालं तेव्हा मी रजया मोजून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही जैसलमेरच्या बाजारातून शाली घेतल्या. पुढे रोज सकाळी नंदाच मला हलवून उठवायची, "चला, ते कठपुतळीवाले बोलावून राहिले." नागपूरला परतलो तर गजूभाऊंचा जावई चारही स्वेटर घेऊन प्लॅटफॉर्मवर उभा. त्याने काही विचारलं नाही. गुणी माणूस आहे.

काही महिन्यांनी पूर्वाने नवख्यांना दाखवायची नवी फिल्म पाठवली. गच्चीवर चादर टांगली, पोहे मांडले, प्रोजेक्टर लावला. या वेळी फिल्म संध्याकाळची होती, महोत्सवाच्या कॅमेरावाल्याने काढलेली. शेकोटी, पगड्या, आणि मधोमध दुपट्टा गुंडाळून डबा वाजवणारी माझी बायको. ती इतकी हसत होती की मला ती क्षणभर अनोळखीच वाटली. आम्ही तिथे जाऊन आलो, तरी हे मी पहिल्यांदाच बघत होतो. तरी सवयीने फिल्म थांबवली आणि माहिती द्यायला उभा राहिलो.

"बसा तुम्ही," मागून नंदा म्हणाली. "तुम्ही कुठं होते तिथं? मी सांगते."

ती पुढे आली आणि सांगत राहिली. मी पोह्यांची प्लेट घेऊन ऐकत बसलो. शेवटी तिने सूचना दिली की स्वेटर कोणाच्या जावयाला देऊ नका, कांदे मात्र न्या. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "वहिनी, पुढच्या वर्षी तुम्ही दोघं येणार का?"

"मी तं चालली," नंदा म्हणाली. "यांचं यांले विचारा."